भांड्यातलं तुळशीचं पान

१

जेंटामायसिनच्या तीन बाटल्या कमी भरल्या आणि चंपतबुवा खापेकरांच्या कानात झांजा वाजू लागल्या. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी उघडकीला आल्या, म्हणून इतवारीतल्या त्या धर्मादाय दवाखान्यात कोणालाच त्या वेगवेगळ्या वाटल्या नाहीत.

साल एकोणऐंशी, ज्येष्ठाचे दिवस. सकाळी नऊलाच डांबराला चपला चिकटत होत्या. सिंधूताई ठोंबरे सायकलरिक्षातून उतरल्या. याच दवाखान्यात त्या बारा वर्षं मेट्रन होत्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी 'मेट्रनबाई आल्या' म्हटलं की अजूनही वॉर्डातल्या चादरी सरळ होत. डॉ. महादेवराव बोकाऱ्यांच्या चिठ्ठीत एवढंच होतं: बुवांचं बिघडलं आहे, लगेच या.

तव्यावरची पोळी तशीच टाकून त्या आल्या होत्या. बुवांच्या कीर्तनाला सिंधूताई पहिल्या ओळीत. नवरा गेला त्या वर्षी माणसांत यावंसंच वाटत नव्हतं. तेव्हा शेजारच्या देवळातून येणाऱ्या त्या आवाजाने त्यांना हाताला धरून उंबऱ्याबाहेर काढलं होतं. असं देणं फिटत नसतं.

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं.

"सहा दिवसांपूर्वी आणलं त्यांना. पायात बाभळीचा काटा मोडला, पाय पिकला, विष रक्तात गेलं. एकशे चार ताप, शुद्ध नाही. ते जंतू पेनिसिलिनला दाद देईनात. जेंटामायसिन शिरेतून सुरू केलं, दर आठ तासांनी. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले, ताप उतरला. मी मनात पेढे वाटले." डॉक्टरांनी एक कागद पुढे केला. "आणि आज सकाळचं रक्त बघा. युरिया चौतीस होता, तो एकशे आठ. मूत्रपिंडं बसत चालली आहेत. उठून बसले की भोवळ येते. कानात झांजा वाजतात म्हणतात."

"हे औषध कानावर जातं, असं ऐकलंय मी."

"जास्त झालं की कानावर आणि मूत्रपिंडांवर, दोन्हीकडे जातं. कागदावर डोस चोख आहे. पण कपाटात तीन बाटल्या कमी आहेत, ताई. कुठे गेल्या? बुवांच्या शिरेत."

"कोणाच्या हातून?"

डॉक्टरांनी टेबलावरचा दुसरा कागद सरकवला. विश्वस्तांच्या नावे तक्रार होती, सही बाकी. नाव होतं सिस्टर वच्छला गजभिये.

"दुपारी दोनला पुढचं इंजेक्शन," डॉक्टर म्हणाले. "दिलं तर कान जाईल, कदाचित माणूसही. नाही दिलं तर ताप उलटेल, आणि दुसरं औषध माझ्याकडे नाही. दोनच्या आत मला कळलं पाहिजे की त्यांच्या अंगात किती जातंय. दोन वाजता एक तर सुई टोचीन, नाहीतर या कागदावर सही करीन. तुम्ही सगळ्यांना ओळखता. तुमच्यापुढे लोक खोटं बोलत नाहीत."

"बोलतात हो," सिंधूताई चश्मा पुसत म्हणाल्या. "फक्त लवकर थकतात."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा झाले होते.

२

कोपऱ्यातल्या खाटेवर बुवा टेकून बसले होते. बासष्ट वर्षांचा धिप्पाड देह सहा दिवसांत निम्मा झालेला. उशाशी तांब्या, त्यावर फुलपात्र. खिडकीत एका जुन्या डब्यात तुळस. पायथ्याशी स्टुलावर रुपराव पराते, बुवांचे पेटीवाले, मांडीवर छोटी पेटी घेऊन बसले होते.

"मेट्रनबाई, या," बुवा म्हणाले. आवाज कोरडा, करवत ओढल्यासारखा. "ऐका जरा. रुपराव, काळी दोन दे."

रुपरावांनी सूर धरला. बुवांनी डोळे मिटून आकार लावला आणि सिंधूताईंची मान वर झाली. बत्तीस वर्षांत जो आवाज सुरावर थेंबासारखा पडे, तो आज सुराच्या शेजारी पडला होता. केसाएवढं अंतर. पण केवढं.

बुवांनी डोळे उघडून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मला सूर बरोबर वाटला होता," ते म्हणाले. "हेच तर भय आहे. देवानं गळा नेला असता तर मी टाळ्या वाजवून दिवस काढले असते. कान नेला तर मला कळणारच नाही मी कुठं चुकून राहिलो."

सिंधूताईंनी त्यांची नाडी धरली. हाताची कातडी चिमटीत धरली तर ती तशीच उभी राहिली. ओठांना भेगा.

"पाणी पिता ना, बुवा?"

"पितो तर. तीन तांबे. लिहिलेलंच असते."

तेवढ्यात पांढरा गणवेश दारात आला. पंचविशीची सावळी, चटपटीत वच्छला थर्मामीटर झटकत आत आली. आणि बुवांनी दोन्ही पाय झटकन चादरीखाली पोटाशी ओढून घेतले, खाली मान घालून हात जोडले. ताप मोजून ती जाईपर्यंत ते जोडलेले हात सुटले नाहीत.

रुपराव सिंधूताईंच्या मागोमाग व्हरांड्यात आले.

"पाह्यलं ना, ताई? बुवा तिले भिऊन राहिले. शुद्धीवर आले तवापासून हे असंच. ती आली का पाय ओढून घेतात. मी म्हनलं, बुवा, काहून? तर म्हनतात, तू चूप."

"तुम्ही दिवसभर इथेच असता?"

"सकाळी आठ ते रात्री आठ. आमच्याबिगर कोन हाय त्याईले? पण पाणी प्यायच्या वक्ताले मले भायेर धाडतात. 'जा गा रुपराव, बिडी ओढून ये.' आता मी कधी बिडी ओढली, ताई? चार दिवसांत मले बिडीची सवय लागून राहिली."

सिंधूताईंना हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, "बुवा उठले नाहीत तर त्यांची गादी कोणाला?"

रुपरावांचा चेहरा पेटीचा भाता मिटावा तसा मिटला. "मले लोक इचारूनच राहिले. तुमी पन इचारा." ते आत जायला वळले आणि दारातून म्हणाले, "मी सूर धरतो, ताई. त्याच्यावर उभं राहाले कोनी तरी लागते ना."

३

वच्छला औषधांच्या खोलीत उभी होती. तिला तक्रारीचं कळलं होतं. दवाखान्यात भिंतींना कान असतातच, इथे कपाटांनाही होते.

"बस वं," सिंधूताई म्हणाल्या. "मी शिकवलेली पोर तू. इंजेक्शन कसं देतेस, सांग."

"बाटली उजेडात धरून नाव, ताकद वाचते. ऐंशी मिलिग्रॅम. शंभरच्या सलाइनमध्ये मिसळते आणि थेंब मोजत अर्धा तास देते. पेनिसिलिनच्या बाटलीत कधी मिसळत नाही, दोन्ही औषधं एकमेकाले मारतात. घड्याळ हातात नाही, उशाशी ठेवते. रिकामी बाटली पेटीत टाकून मग सही करते." तिने सह्यांची वही सिंधूताईंपुढे ठेवली. "दिवसाची दोन इंजेक्शनं मी देते, रात्रीचं डॉक्टर स्वतः देतात. एक थेंब जास्त गेला असेल तर माझे हात झडून जातील, ताई."

"हात राहू दे, कामाला लागतील. बुवा तुला भितात काहून?"

वच्छला चमकली. "भितात? मामाजी? मले?"

"मामाजी?"

मग ती कथा आली. वच्छलाची आई गोपिकाबाई, खाप्याला विणकरांच्या सुताच्या कांड्या भरणारी. छप्पन्नला सगळ्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढे एका वर्षी गावात बुवांचं कीर्तन होतं. गोपिकाबाई देवळाबाहेर रस्त्यावर कांड्या भरत बसून ऐकत होती. बुवांना कोणी तरी सांगितलं. त्यांनी पूर्वरंग आत केला आणि उत्तररंगाला वीणा घेऊन सरळ रस्त्यावर येऊन उभे राहिले. निम्मं गाव उठून गेलं, निम्मं बाहेर आलं.

"आई म्हणाली, 'तुमचा देव मी सोडला, भाऊ, पन तुमचा गळा नाही सोडला.' तेव्हापासून बहीण मानतात. दरसाल घरी येतात, आईच्या हातची भाकर खातात. शुद्धीवर आले अन् मले उशाशी पाह्यलं, तर लहान लेकरासारखे रडले. म्हणाले, 'तूच होय वं? तुझ्याच ड्यूटीत यायचं होतं मले?'"

"रडले?"

"मले वाटलं, आनंदानं."

सिंधूताईंनी तक्ता मागितला. पाणी किती, लघवी किती, दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं. वच्छलाचं अक्षर मोत्यासारखं. दिवस: पाणी दोन हजार चारशे, लघवी अठराशे, स्वच्छ. रात्र: पाणी शंभर, लघवी दोनशे, गडद. चारही दिवस तेच. त्याआधीच्या दोन दिवसांत, बुवा बेशुद्ध असताना, दिवसरात्रीचे आकडे सारखेच होते.

"मी खूश होते, ताई," वच्छला पुटपुटली. "म्हटलं, मामाजी सांगितल्याप्रमाणं पाणी पितात, लघवीही भरपूर. मग मूत्रपिंड खराब झालंच कसं?"

बरोबर. भरपूर पाणी, भरपूर लघवी आणि तरी रक्तात विष. एकच वाट उरत होती: कोणी तरी गुपचूप जास्त औषध देत होतं. आणि बाटल्या तर खरोखरच गेल्या होत्या.

"किल्ली कोणाकडे असते?"

"दोघांकडे," वच्छला म्हणाली. "माझ्याकडे, आणि चंद्रभानभाऊंकडे."

४

चंद्रभान निमजे, कंपाउंडर, वय पंचेचाळीस, मौद्याहून रोज पहिल्या बसने येणारा. बोलण्यात हिंदी मिसळायची सवय.

"मॅडम, आपल्याले काही मालूम नाही. कपाट उघडलं, तीन शॉर्ट. बस. सिस्टरले विचारा."

"विचारलं. बोटाला काय झालं?"

अंगठ्याला चिंधी बांधली होती, मळलेली. "ते? घरी. विळा लागला."

"मौद्याला तुमचं शेत आहे?"

"शेत कुठचं, मॅडम! भाड्याची खोली."

"मग विळा कशाला लागला?"

चंद्रभानने अंगठा मुठीत लपवला. औषधं वाटायच्या त्या खोलीत एक मोठा कूलर घरघरत होता. वाळ्याचा वास होता, पण गारवा कमी. सिंधूताई उठून कूलरपाशी गेल्या. त्याच्या जाळीवर हात फिरवला. दोन जाळ्या धुळीने माखलेल्या, तिसरी मात्र नुकती काढून बसवलेली, तिच्या कडेला बोटांचे ठसे उमटलेले.

"बंद करा हा."

"मॅडम, गर्मी किती हाय..."

"बंद करा, चंद्रभान."

पंखा थांबला. जाळी काढली. टाकीतल्या गढूळ पाण्यात त्यांनी चिमटा घातला आणि तळातून एकेक वस्तू काढून रुमालावर ठेवली. काचेचे तुकडे आणि तीन रबरी बुचं, पत्र्याच्या कड्यासकट.

चंद्रभानने अंगठ्याची चिंधी सोडली. "पडले, मॅडम. खोका उतरवता उतरवता हात घसरला. इतकं महागडं औषध... मागच्या साली सलाइन फुटली तर विश्वस्तांनी साऱ्या स्टाफसमोर उभं केलं होतं. म्हणून लपवलं. पन सिस्टरवर येईन असं सपनातही नव्हतं."

"सकाळपासून तिच्यावरच आलंय. आणि तू 'सिस्टरले विचारा' म्हणून मोकळा झालास."

त्याने मान खाली घातली.

सिंधूताईंनी बुचं खिडकीपाशी उजेडात धरली, एकेक करून. मग डॉक्टरांना बोलावलं. "बघा. सुई गेली असती तर मधोमध छिद्र असतं. तिन्ही बुचं अखंड आहेत. या बाटल्यांतला थेंबही कोणाच्या शिरेत गेलेला नाही."

डॉक्टरांनी बुचं पाहिली. घाम पुसला. पण चेहरा मोकळा होण्याऐवजी आणखी ओढला.

"म्हणजे वच्छला सुटली," ते म्हणाले, "आणि आपण अडकलो. डोस बरोबर, पाणी बरोबर, लघवी बरोबर. मग माणूस मरतोय कशाने? कारणच कळलं नाही तर दोनला मी काय करू?"

साडेबारा झाले होते. बाहेर कावळाही ओरडत नव्हता. व्हरांड्याच्या सावलीत रात्रपाळीचा वॉर्डबॉय धोंडबा बसला होता. पन्नाशीचा धोंडबा सकाळी आठला सुटी होऊनही घरी गेला नव्हता. सिंधूताईंना पाहून तो उठला, टोपी काढली.

"मेट्रनबाई, एक इचारू? तुमी देवाधर्माचं मानूस. काल राती मी ड्यूटीवर आलो. बुवाचं दिवसाचं लघवीचं भांडं धुवाले घेतलं. तं त्याच्यात..." तो इकडेतिकडे पाहून कुजबुजला. "तुळशीचं पान होतं. लघवीच्या भांड्यात तुळस! बुवा एवढे देवमानुस. कोन असं पाप करन? मले रातभर झोप नाही. कोनी करणी तं नाही केली?"

सिंधूताईंनी एकच विचारलं: "रात्री बुवा लघवी करतात तेव्हा कोणत्या भांड्यात?"

"रातचं येगळं. निळं, जस्ती. बुवांनीच मले म्हनलं, 'धोंडबा, दिवसाचं काचेचं भांडं रातच्याले वापरू नको.'"

५

सिंधूताई तरातरा वॉर्डात गेल्या. बुवा डोळे मिटून पडले होते. रुपराव पुन्हा बिडीला गेले होते. खाटेखालचं काचेचं भांडं निम्मं भरलेलं होतं. त्यांनी ते उचललं, पदराआड धरलं आणि बाजूच्या तपासणीच्या खोलीत नेलं. डॉक्टर आणि वच्छला मागोमाग आले.

"वच्छला, रंग पाहून तू काय लिहितेस?"

"स्वच्छ."

"वास घेतलास कधी?"

वच्छलाने भांडं जवळ घेतलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. वासच नव्हता.

"तीन वर्षं शिकवलं मी तुला," सिंधूताई म्हणाल्या, "की डोळ्यांनी लिहायचं आणि नाकानं तपासायचं. आकडा मनासारखा आला की आपण नाक मिटतो. तुझी चूक असलीच तर एवढी."

नळीत ते पाणी ओतून त्यांनी लघवीचा दाटपणा मोजायचा काचेचा तरंगता काटा त्यात सोडला. काटा खाली खाली गेला आणि हजाराच्या रेघेवर थांबला. साध्या पाण्यात थांबतो तिथेच.

"नळाचं पाणी," डॉक्टर म्हणाले. मग धोंडबाने सकाळी तपासणीसाठी ठेवलेल्या रात्रीच्या लघवीत काटा सोडला. तो वरच तरंगत राहिला. दाट, चहाच्या रंगाची.

"आता बघा," सिंधूताई म्हणाल्या. "बुवा आयुष्यभर तुळशीचं पान टाकल्याशिवाय पाणी पीत नाहीत. तांब्यात पान, तेच पान भांड्यात. म्हणजे तांब्यातलं पाणी पोटात न जाता सरळ भांड्यात जात होतं, उरलेलं खिडकीतल्या तुळशीला. म्हणून रुपरावांना बिडीला पाठवणं. आपण लिहीत होतो, पाणी भरपूर, लघवी भरपूर. दोन्ही आकडे एकाच पाण्याचे. खरा हिशेब रात्रीचा: दोन घोट पाणी, दोनशे लघवी. या उन्हात! औषध लघवीवाटे बाहेर पडतं, डॉक्टर. मोरी तुंबली आणि नळ तेवढाच चालू ठेवला, तर घरात पाणी साचणारच. डोस दुप्पट कोणी दिला नाही. तो आत साचून दुप्पट झाला."

"छातीत पाणी होईल म्हणून मीच जास्त सलाइन देत नव्हतो," डॉक्टर स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. "तोंडानं पितात ना, म्हटलं." मग एकदम: "पण काहून? वेडे आहेत का बुवा? जीव द्यायचाय का?"

"नाही. तुळस सांगते की नाही. बुवा मेले तरी तुळस मुतात टाकणार नाहीत. त्यांच्या लेखी दिवसाचं भांडं शुद्धच होतं, कारण त्यात त्यांनी कधी लघवी केलीच नाही. रात्री धोंडबा भांडं उचलतो, तेव्हा चालतं. दिवसा जी उचलते, तिला नको. आणि तिला पाहून ते पाय ओढून घेतात, हात जोडतात. भिऊन नाही." त्या वच्छलाकडे वळल्या. "आपल्याकडे मामा कोणाच्या पाया पडतो, वं?"

वच्छलाच्या हातातला तक्ता खाली पडला.

"भाचीच्या," ती म्हणाली.

एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

६

रुपरावांना कोणी बिडीला पाठवलं नाही. सगळ्यांसमोर सिंधूताईंनी तांब्यातून फुलपात्र भरलं, डब्यातल्या तुळशीचं पान खुडून त्यात टाकलं आणि पुढे धरलं.

"प्या, बुवा. माझ्यादेखत."

बुवांनी पात्र हातात घेतलं. ओठांपर्यंत नेलं. भेगाळलेली जीभ नकळत बाहेर आली. मग त्यांनी पात्र खाली ठेवलं.

"संध्याकाळी पितो. धोंडबा आला का."

बुवांना आपण काय बोलून गेलो ते कळलं. त्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. वच्छलाकडे मात्र बघवलं नाही.

"तुमाले कळलं तर," ते हळू म्हणाले. "मग माझंही ऐका. गोपिका माझी बहीण. ही तिची लेक. मी दरसाल हिच्या पायावर डोकं ठेवतो, अन् हिनं माझं मूत उचलायचं? मी कीर्तनात साऱ्या गावाले सांगतो का भाची म्हणजे देवी. इथं देवीच्या हाती भांडं देऊ? हिच्या बापजाद्याईले लोकांनी आधीच कमी घाण उचलाले लावली काय? आता माझी बी उचलाले लावू?" त्यांनी खिडकीतल्या तुळशीकडे बोट केलं. "म्हटलं, तिच्या हाती पाणीच जाऊ दे. तुळशीचं पाणी. दिवसभर धरून ठेवता येते, पोटात काही नसलं का. रातीही दोनच घोट घेतो, नाही तर सकाळी हिच्याच पाळीत लागते."

"अन् म्हणून प्यायचंच सोडलं," डॉक्टर म्हणाले.

"चार दिवसांचा तर प्रश्न होता."

वच्छला पुढे आली. ती रडत नव्हती. तिचा राग सिंधूताईंनी पहिल्यांदाच पाहिला.

"मामाजी, माझ्या आजानं उचललं, कारण त्याले दुसरं काही करू देत नव्हते. मी उचलते, कारण मी शिकली हाव. परीक्षा देऊन, पहिला नंबर घेऊन शिकली. भांड्यात काय हाय ते वाचता येते मले. तुमी त्याच्यात पाणी भरलं, अन् मी चार दिवस खोटं वाचलं. माझ्या हातून औषध जात होतं, मामाजी. माझ्या हातून! तुमी गेले असते तर आईले काय सांगितलं असतं मी? मामाले भाचीनं मारलं, हे पाप कोनाच्या माथी?"

बुवांनी पायांवरची चादर बाजूला केली.

घड्याळात दोनला पाच मिनिटं कमी होती.

बुवांनी खाटेवरूनच कंबरेत वाकून हात लांब केला आणि वच्छलाच्या चपलांना बोटं लावून कपाळी नेली. मग फुलपात्र उचललं आणि पिऊ लागले. घशातून आवाज येत होता, भेगाळलेल्या रानात पाट सोडावा तसा. पानही गिळलं. पात्र पुढे केलं. "आणखी दे, माय."

दोनचे ठोके पडले. डॉक्टरांनी सुई उचलली नाही. सलाइन लावली, थेंब हळू, दर अर्ध्या तासाने छातीला नळी लावून ऐकत राहिले. "औषध बंद नाही," ते वच्छलाला म्हणाले, "पण आता आठ तासांनी नाही. रोज रक्त, रोज खरी लघवी, त्याप्रमाणे चोवीस तासांनी, छत्तीस तासांनी. औषध तेच. अंतर आपण ठरवू." आणि खिशातून तो बिनसहीचा कागद काढून तिच्या हातात दिला. "हा तूच फाड."

पावणेसहाला बुवांनी संकोचत हाक मारली. रुपराव उठून व्हरांड्यात गेले, खऱ्याच कारणासाठी. वच्छलाने काचेचं भांडं खिडकीच्या उजेडात धरलं. नव्वद मिलीलीटर, गडद. तिने हुंगलं, काटा सोडला, आणि तक्त्यावर चार दिवसांतला दिवसाचा पहिला खरा आकडा लिहिला. आठ वाजता दीडशे होते. सकाळी चारशे, आणि रंग उतरू लागला होता.

युरिया उतरायला दोन आठवडे लागले. पाय वाचला. उजवा कान परत आला. डाव्या कानातल्या झांजा मात्र कायमच्या राहिल्या. बुवा म्हणत, चांगलं आहे, भजनाला जोड झाली.

मार्गशीर्षात खाप्याला कीर्तन झालं. या वेळी सुरुवातीपासूनच रस्त्यावर. बुवा पेटीकडे उजवा कान करून उभे राहिले आणि रुपरावांनी काळी दोन धरली. पहिल्या ओळीत सिंधूताई होत्या. त्यांनी श्वास रोखून धरला. आवाज सुराच्या आसपास एकदा घुटमळला, आणि मग थेंबासारखा नेमका पडला. रुपरावांच्या डोळ्यांतून पाणी पेटीवर टपकलं.

पूर्वरंग संपला. बुवांनी तांब्या उचलला, निम्मा प्यायले आणि खाली ठेवला.

"भाऊ!" बायकांतून गोपिकाबाईचा खणखणीत आवाज आला. "पुरा तांब्या! उरलेला कुठी सांडला तर मी पाहून राहिली!"

सगळा रस्ता हसला. बुवांनी उजवा कान तिकडे वळवला, हसले, आणि तांब्या पुन्हा तोंडाला लावला. तो पालथा करून दाखवेपर्यंत गोपिकाबाई खाली बसली नाही.